दहा मिनिटे

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझा मुलगा जर्मनीहून फोनवर बोलत होता. फोनवर म्हणजे आजकालच्या रीतीप्रमाणे चित्रासकट. "आई, करंज्या झाल्या का गं—" एवढे म्हणून त्याचे तोंड जे उघडे राहिले ते उघडेच. डोळे अर्धवट मिटलेले, एक हात हवेत. मी दोनतीनदा हाका मारल्या. मग त्याचे चार-सहा शब्द एकावर एक आदळत आले आणि पुन्हा सारे स्तब्ध.

"थांब जरा मावशी, पॅकेटे रांगेत अडकली असतील," स्वयंपाकघरातून माझी भाची म्हणाली.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यात कोठे किती गर्दी होईल याचा हिशेब करणे हा तिचा धंदा. माझ्या नातेवाइकांपैकी पुष्कळांचे उद्योग मला समजत नाहीत आणि मी ते समजून घेण्याची खटपटही करीत नाही. पण 'रांग' हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. कारण रांग ही माझी जन्माची ओळखीची. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिली काही वर्षे एका तालुक्याच्या गावच्या एक्स्चेंजात काढली. डोक्याला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि डाव्या बाजूला खिळ्याला टोचलेली तिकिटे. एकेक तिकीट म्हणजे कोठेतरी फोनजवळ ताटकळत बसलेला एकेक माणूस.

"पॅकेटे कसली रांगेत उभी राहतात?" मी विचारले.

"ये इकडे, दाखवते," ती म्हणाली.

ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत, म्हणून त्या आमच्याकडे त्याच दिवशी होतात. मी लाटून भरीत होते आणि ती तळीत होती. भरलेल्या करंज्या ताटात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेल्या. तिने झाऱ्याने त्या फडक्याकडे बोट दाखवले. "हा बफर. तू पाठवणारी, मी पुढे धाडणारी. तुझ्या मुलाचे बोलणे आणि चित्र अखंड येत नाही. त्याची बारीक बारीक पुडकी होतात. प्रत्येकावर पत्ता असतो आणि प्रत्येक पुडके आपले आपण प्रवास करते. वाटेत नाके लागतात. पुढचा रस्ता मोकळा असला तर पुडके लगेच सुटते. नसला तर ते असे फडक्याखाली थांबते. ताट भरले की वर आलेले पुडके सरळ टाकून देतात आणि पाठवणाऱ्याला ते पुन्हा पाठवावे लागते."

"आणि फार वेळ फडक्याखाली राहिले तर?"

"तर तुझी करंजी सुकते, तसेच. पत्रातले पुडके दोन सेकंदांनी आले तरी चालते. बोलण्यातले पुडके उशिरा आले तर त्याचा उपयोग काय? फोन ते टाकूनच देतो. म्हणून त्याचे तोंड उघडे राहिले."

मी म्हटले, "मग सोपे आहे. मी ज्या वेगाने भरते त्याच वेगाने तू तळ. म्हणजे रांग होणारच नाही."

ती हसली. "तिथेच सगळे फसतात."

मग तिने मला जे सांगितले ते माझ्या मनात अजून घर करून आहे. माझा आणि तिचा वेग सरासरीने अगदी सारखा असला तर रांग नाहीशी होत नाही, उलट ती वाढतच जाते. कारण मी काही घड्याळाच्या काट्यावर करंज्या भरीत नाही. कधी फोन घ्यायला उठते, कधी भराभर चार हातावेगळ्या करते. मी उठले तेवढा वेळ कढई रिकामी राहते, आणि रिकामी गेलेली कढई साठवून ठेवता येत नाही. नंतर चार करंज्या एकदम आल्या म्हणून मघाचा मोकळा वेळ काही परत मिळत नाही. तोटा तेवढा साठत जातो, नफा वाया जातो. म्हणून तळणारीला थोडीफार उसंत असावीच लागते.

किती उसंत, याचेही गणित आहे. एका पुडक्याला वाटेवर चढायला जेवढा वेळ लागतो त्याला एक माप म्हणू. वाट निम्मा वेळ गुंतलेली असली, तर थांबणे आणि चढणे मिळून सरासरी दोन मापे लागतात. शेकडा ८० गुंतली की पाच. ९० ला दहा. ९९ ला शंभर! शेवटच्या नऊ टक्क्यांत दहाची शंभर होतात. सेकंदाला एक कोट बिटे नेणाऱ्या वाटेवर १५०० बाइटांचे मोठे पुडके चढायला सेकंदाचा हजारावा भाग घ्या, त्याहून किंचित जास्त, १.२ एवढा वेळ पुरतो. तीच वाट शेकडा ९९ भरली की सरासरी १२० लागतात, आणि अशी नाकी वाटेत एकाहून अधिक असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर दिवे लागतात आणि घरोघर एकाच वेळी लेकरांची आठवण होते. तेव्हा माझ्या मुलाचे तोंड उघडे न राहील तर काय होईल?

त्या रात्री भाची मुक्कामाला होती. जेवणे आटोपल्यावर बोलणे पुन्हा त्याच विषयावर आले, आणि ती म्हणाली, "मावशी, हे शास्त्र मूळचे तुमचेच. टेलिफोनवाल्यांचे."

मला माहीत नव्हते. आमच्या इंजिनियरांच्या वहीत 'अर्लांग' असा एक शब्द असे. मला वाटे, ते बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव असावे. तो माणूस निघाला! आग्नेर क्रारुप अर्लांग हा डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांचा मुलगा, जन्म १८७८ चा. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. तारांमधून वीज कोठे गळते हे मोजण्यासाठी तो शहरभर हिंडे, आणि रस्त्याखालच्या भुयारांत उतरता यावे म्हणून शिडी घेतलेला एक कामगार त्याच्याबरोबर असे. या गृहस्थाला प्रश्न पडला तो असा: खेड्यातल्या एक्स्चेंजातून बाहेर जायला मोजक्याच लायनी असतात, तर बाहेर बोलू पाहणाऱ्यांपैकी किती जणांना थांबावे लागेल? १९०९ साली त्याने पहिला निबंध लिहिला. लोक फोन करतात ते एकमेकांना विचारून नव्हे, पावसाच्या थेंबांसारखे अवचित, पण त्या अवचितपणालाही नियम असतो, हे त्याने दाखवले. १९१७ साली त्याने अनेक लायनींची सूत्रे दिली. लग्न केले नाही. वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा घेतली नाही. १९२९ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेला आणि ३ फेब्रुवारीला वारला. १९४६ साली टेलिफोनच्या गर्दीच्या मापाला त्याचे नाव देण्यात आले.

पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांत लिओनार्ड क्लाइनरॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने हेच गणित संगणकांच्या जाळ्याला लावले. तेव्हा असे जाळे अस्तित्वातही नव्हते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच्याच प्रयोगशाळेतून पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' लिहायचे होते. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. १९८६ साली तर कॅलिफोर्नियात अवघ्या चारशे यार्डांवरच्या दोन जागांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. पुडकी हरवत, म्हणून यंत्रे ती पुन्हा पाठवीत. पुन्हा पाठवीत म्हणून गर्दी वाढे. गर्दी वाढे म्हणून आणखी हरवत. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने त्यावर जो उपाय काढला तो आपल्या आजीच्या तोंडी शोभावा असा आहे: वाट तुंबलेली दिसली की प्रत्येकाने आपला वेग आपणहून निम्मा करावा आणि मग हळूहळू वाढवीत न्यावा.

"ताटच मोठे घ्यावे," मी म्हटले. "म्हणजे कोणी टाकून द्यायला नको."

"तेही करून झाले," ती म्हणाली. स्मरणशक्ती स्वस्त झाली तेव्हा कारखानदारांनी बफर मोठमोठे केले. पुडकी हरवेनाशी झाली, पण सेकंद सेकंद पडून राहू लागली. आणि हरवत नाहीत म्हणून वेग कमी करण्याची सूचनाही कोणाला मिळेना. २०१० च्या सुमारास जिम गेटिस नावाच्या इंजिनियराला घरातला इंटरनेट रडतखडत का चालतो हे शोधताना हा रोग सापडला. मोठे ताट म्हणजे जास्त करंज्या नव्हेत, जास्त सुकलेल्या करंज्या! नाही म्हणायला वाट वेळच्या वेळी लागते.

मला हे सारे ऐकताना गंमत वाटत होती. मग मी सहज म्हणून, खरेच सहज म्हणून, तिला माझ्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितली. बाहेर जायला आमच्याकडे दोनच लायनी होत्या. १९७४ च्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारीच त्यातली एक बंद पडली. एरवी एक-दोन मिनिटांत लागणारे कॉल त्या रात्री तास तास लागत नव्हते.

तिने पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. "एक कॉल पाच मिनिटांचा धर. दोन लायनी असताना प्रत्येक लाइन शेकडा ४५ गुंतलेली. एकाच खिळ्यावरची तिकिटे, जी लाइन सुटेल तिच्यावर पुढचा माणूस. म्हणजे सरासरी वाट सव्वा मिनिट. आता एक लाइन गेली. राहिलेली शेकडा ९० गुंतली. वाट किती, सांग?"

"दुप्पट? चौपट?"

"पाऊण तास." ती म्हणाली. "आणि तासाला अकराच्या आसपास तिकिटे येत असतील तर तुझ्या खिळ्यावर कोणत्याही क्षणी सरासरी आठ तिकिटे असणार."

मी गप्पच राहिले. त्या रात्री माझ्या खिळ्यावर सात-आठच तिकिटे असत. ती मी पन्नास वर्षे विसरलेली नाही. आणि त्या पोरीने न पाहता ती मोजली होती. या गणितावर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी. म्हणून पुढचेही सांगितले. ते मी कोणाला कधी सांगितले नव्हते.

त्या तिकिटांत एक तिकीट एका आजोबांचे होते. एक्स्चेंजला लागूनच पोस्ट होते आणि तिथल्या बाकावर ते साडेसहापासून बसले होते. डोक्याला टोपी, पायांशी पिशवी. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांचा मुलगा होता. साधा कॉल होता. त्या काळी कॉलचे तीन वर्ग असत: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगचा दर साध्याच्या कितीतरी पट. पैसे भरणाऱ्याचे तिकीट मागून येऊन पुढे जाई. हा नियमच होता, आणि नियमाप्रमाणे मी आजोबांचे तिकीट खाली सारीत होते.

रात्रपाळीला मी एकटी. वय तेवीस. घराबाहेरची माझी ती पहिलीच लक्ष्मीपूजनाची रात्र. घरी आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. आठाला दहा मिनिटे कमी असताना लाइन सुटली आणि मी कोणाचेही तिकीट न घेता शेजाऱ्यांचा नंबर मागितला. आई आली. काय बोललो? पणत्या किती लावल्या, चकल्या मऊ पडल्या का, दादाने फटाके आणले का. दहा मिनिटे बोललो. घड्याळ समोरच होते.

मग एक लाइटनिंग आला. मग दोन अर्जंट. मध्ये एक साधा, आजोबांच्या आधीचा. मग पुन्हा अर्जंट. आजोबांचा कॉल लागला तेव्हा सव्वानऊ झाले होते. पलीकडून उत्तर आले, नऊनंतर वॉर्डात निरोप देत नाही, सकाळी फोन करा. आजोबा म्हणाले, "बरं बाई. सकाळी येतो."

सकाळी ते आले. माझी पाळी संपत आली होती. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "बाई, तो कॉल राहू द्या आता. तार आली." मग थोडे थांबून म्हणाले, "काल तुम्ही लई खटपट केलीत माझ्यासाठी."

पन्नास वर्षे मी स्वतःला एक हिशेब सांगत आले. मी दहा मिनिटे घेतली. ती घेतली नसती तर त्यांचा कॉल नऊ वाजून पाच मिनिटांनी लागला असता. वॉर्ड नऊला बंद. तेव्हाही बंदच झालेला असता. माझ्या दहा मिनिटांनी काही बिघडले नाही. हा हिशेब मी शंभर वेळा केला असेल आणि दर वेळी तो बरोबर आला आहे.

भाची पाकिटाकडे पाहत होती. तिच्या तोंडून निघून गेले, "पण मावशी, ती दहा नव्हतीच."

"म्हणजे?"

आता तिला गप्प बसावेसे वाटत होते हे मला दिसले. पण मी तिला सोडले नाही. मग ती हळूहळू म्हणाली, "त्या दहा मिनिटांत जे अर्जंट कॉल आले तेही त्यांच्या पुढे गेले. ते चालू असताना आणखी आले, तेही पुढे गेले. लाइनचा निम्मा वेळ अर्जंटवाले घेत असतील, तर शेवटच्या वर्गातल्या माणसाला दहा मिनिटांची सरासरी वीस होतात."

सव्वानऊतून वीस वजा केली. मी पाकीट मागितले नाही. आठ पंचावन्न.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मावशी, हे सरासरीचे गणित आहे. त्या एका रात्री काय झाले असते हे ते सांगू शकत नाही. शिवाय कॉल काही थेंबांसारखे सुटे पडत नाहीत, झुंडीने येतात. १९९४ साली काही शास्त्रज्ञांनी संगणकांच्या वाहतुकीची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातही असेच दिसले. झुंड असली की आकडे बदलतात."

तिचे म्हणणे खरे आहे. सरासरी नावाचा माणूस कधी कोणत्या बाकावर बसला नाही. बसले होते ते आजोबा. कदाचित दहाची दहाच झाली असतील. कदाचित चाळीस. तेव्हा वॉर्डातल्या त्या मुलाला बोलण्याची शक्ती होती की नव्हती, हेही कोणते सूत्र सांगणार? पण एवढे मात्र कळले, की इतकी वर्षे ज्या हिशेबावर मी निजत आले तो हिशेब चुकीचा होता. भरलेल्या रांगेत मी घेतलेला वेळ माझ्यापाशी संपत नाही. तो मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला जातो, आणि जो सर्वांत मागे, ज्याच्याजवळ पुढे जायला पैसे नाहीत, त्याच्या वाट्याला तो वाढून जातो.

भाचीने पाकीट चुरगाळून खिशात घातले. मीही तिला थांबवले नाही. दोघींनी मिळून भांडी आवरली. ओले फडके मी दोरीवर वाळत घातले.

यंदाची दिवाळी आली आहे. मुलाला मी आधीच कळवले आहे की लक्ष्मीपूजनाला फोन करायचा तर आमच्याकडचे अकरा वाजून गेल्यावर कर. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळच असेल. आणि चित्र नको, नुसता आवाज पुरे. चित्राला फार पुडकी लागतात.

तो हसला. "आई, लाखो लोक बोलत असतात. तुझ्या एका फोनने असा काय फरक पडणार आहे?"

मी काही बोलले नाही. करंज्या किती पाठवू, एवढेच विचारले.